नेपाळी मोमो घरी: रस टिकवायचा तर कामं या क्रमानं करा

घरचे मोमो बिघडतात ते बहुतेक वेळा एकाच बाबतीत. घास तोडला की आत रस नसतो. पारी चिवट, सारण कोरडं आणि भुरभुरीत, आणि मग ते गिळायला लालभडक चटणी लागते. याचं पहिलं कारण आपली सवय आहे. समोसा असो, करंजी असो की मोदक, सारण आधी गॅसवर शिजवून, आटवून, गार करून मगच भरायचं, हे आपल्या हाताला इतकं पक्कं बसलंय की मोमोचा खिमाही आपण कढईत परतून घेतो. नेपाळी मोमोत मांसाचं सारण कच्चंच भरतात. ते पारीच्या आत पहिल्यांदाच शिजतं आणि त्याचं सुटलेलं पाणी आतच अडकतं. काठमांडूत मोमोची पारख होते ती या रसावर.

खालचा प्रत्येक टप्पा त्या रसासाठीच आहे. तो आधी सारणात मुरवायचा, मग पारीत कोंडायचा, आणि वाफवताना सांडू द्यायचा नाही. प्रमाण साधारण ४० ते ४५ मोमोंचं आहे. नेपाळमध्ये एका प्लेटमध्ये बहुधा १० मोमो येतात, त्या हिशेबानं चार प्लेटा.

आधी हे जमवून ठेवा

पारीसाठी: मैदा ३५० ग्रॅम, पाणी साधारण १७० मिलिलिटर, मीठ पाव टीस्पून, तेल १ टीस्पून.

सारणासाठी: कोंबडीच्या तंगडीचं बिनहाडाचं मांस ५०० ग्रॅम, कांदा १५० ग्रॅम, आलं आणि लसूण प्रत्येकी १ टेबलस्पून (बारीक ठेचून), मूठभर कोथिंबीर, दोन-तीन काड्या पातीचा कांदा, जिरेपूड आणि धनेपूड प्रत्येकी १ टीस्पून, हळद पाव टीस्पून, टिमूर पाव टीस्पून, मीठ दीड टीस्पून, घट्ट तूप किंवा लोणी ३ टेबलस्पून, आणि १०० मिलिलिटर गार हाडांचं पाणी.

काठमांडूतले सर्वांत रुळलेले मोमो म्हशीच्या मांसाचे, म्हणजे बफ मोमो. चिकनचेही तितक्याच सहज मिळतात. इथे चिकन घेतलंय, पण मटणाचा खिमा घेतला तरी कृती बदलत नाही, फक्त वाफवायची वेळ वाढते. मटण घेताना खाटकाला थोडी चरबी राहू द्यायला सांगा.

मांस निवडतानाच निम्मा खेळ ठरतो. छातीचं मांस घेऊ नका. त्यात चरबी जवळजवळ नसते आणि वाफेत ते घट्ट होऊन पाणी सोडून देतं. तंगडीचं घ्या, आणि काढलेली हाडं दुकानात सोडून येऊ नका, ती लागणार आहेत.

टिमूर हे मिरीसारखं वाळवलेलं लहान फळ. नेपाळी मोमोचा आणि त्याच्या अचाराचा, म्हणजे सोबतच्या चटणीचा, हा खास वास. जिभेला किंचित झिणझिण्या आणणारा, लिंबाच्या सालीसारखा गंध असलेला. तो मिळाला नाही तर कोकण-गोव्याच्या स्वयंपाकघरात त्याचा भाऊबंद बसलेलाच आहे: बांगड्याच्या कढीत पडतं ते तिरफळ. दोन्ही एकाच कुळातली झाडं आहेत. गंध अगदी सारखा नाही, तिरफळ जास्त उग्र आणि लाकडी लागतं, म्हणून सांगितलेल्या मापाच्या निम्म्यानं सुरुवात करा. आतली काळी बी मात्र दोन्हींची काढून टाका. फक्त साल वापरायची. बी दळली गेली तर वाळू दाताखाली आल्यासारखं होतं.

भांड्यांत मोदकपात्र असलं तर उत्तम. नसलं तर खोलगट पातेलं, त्यात बसणारी स्टीलची चाळणी आणि घट्ट झाकण पुरे. नेपाळी घरांत यासाठी अॅल्युमिनियमचं थरांचं भांडं असतं, भोकांच्या ताटल्या एकावर एक रचलेलं. इडलीपात्रही चालतं, एका खळग्यात एकच मोमो ठेवायचा. कुकर वापरलात तर शिट्टी काढून ठेवा.

टप्पा १: हाडांचं पाणी (आदल्या रात्री किंवा सकाळी)

हाडं, कांद्याची एक फोड, आल्याचा तुकडा आणि तीन कप पाणी कुकरमध्ये घालून एक शिट्टी आली की मंद आचेवर अर्धा तास शिजवा. मीठ घालू नका. गाळून गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ते जेलीसारखं थरथरीत झालेलं असलं तर फारच छान. हे घट्ट पाणी सारणात सहज मिसळतं आणि वाफेत वितळून रस होतं. वर जमलेली चरबी फेकू नका, तीही सारणात घाला.

वेळ नसेल तर साधं फ्रिजमधलं पाणी वापरा. चव थोडी कमी, पण रस मिळेल. उरलेलं हाडांचं पाणी अचार पातळ करायला लागेल.

टप्पा २: पीठ

मैद्यात मीठ घाला, खोलीच्या तापमानाचं पाणी थोडं थोडं घालत गोळा करा आणि मग आठ-दहा मिनिटं नेटानं मळा. तेलाचा हात शेवटी. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट आणि पुरीच्या पिठापेक्षा मऊ हवं. ओल्या फडक्याखाली निदान अर्धा तास ठेवा, मग पुन्हा दोन मिनिटं मळा.

पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत १७० पैकी १०-१५ मिलिलिटर पाणी कमी लागू शकतं, आणि उन्हाळ्यात नागपूरकडे पूर्ण लागून वर एखादा चमचा. म्हणून शेवटचं पाणी नेहमी चमच्यानं घाला, पेल्यानं नाही.

इथे नेहमी होणाऱ्या चुका:

- करंजीसारखं मोहन घालणं. गरम तेलाच्या मोहनानं पारी खुसखुशीत होते, आणि मोमोला लवचिकपणा हवा. ताणली तर न फाटणारी पारी रस धरून ठेवते.
- सोडा, बेकिंग पावडर किंवा यीस्ट घालणं. पारी फुगते, जाड होते, रस शोषते.
- मुरवायचा वेळ वाचवणं. न मुरलेली लाटी लाटली की परत आकसते. मग आपण वैतागून जाडच ठेवतो आणि ती आत कच्ची राहते.

कणकेचे मोमो करायचे असतील तर निम्मा मैदा ठेवा. नुसत्या कणकेची पारी पातळ लाटली तर मिटताना चिरते.

तपासा: गोळ्यावर बोट दाबा. खड्डा हळूहळू वर येत असेल तर पीठ तयार आहे. लगेच उसळला तर अजून दहा मिनिटं थांबा.

टप्पा ३: सारण

या टप्प्यावर घाई करू नका. बाकी सगळं सुधारता येतं, सारण पुढे थोडंफारच सुधारतं.

मांस आधी फ्रिजमध्ये गार करा. मग जड सुरीनं बारीक चिरा, किंवा मिक्सरला थांबून थांबून चार-पाच झटके द्या. दाणेदार राहायला हवं. मिक्सर सलग फिरवला की मांसाचा लगदा होतो, आणि त्याचा मोमोत रबरी चेंडू बनतो. दुकानातून खिमा आणत असाल तर एकदाच काढलेला, जाडसर मागा.

आता क्रम पाळा.

पहिल्यांदा मांसात फक्त मीठ घाला आणि हातानं किंवा लाकडी चमच्यानं एकाच दिशेनं दोन-तीन मिनिटं जोरात फेटा. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात आणि चिकट होतात. हीच चिकटी पुढे पाणी धरून ठेवते. मांस भांड्याच्या कडेला चिकटायला लागलं की पहिली पायरी झाली.

मग गार हाडांचं पाणी दोन-दोन चमचे घाला. आधीचं पूर्ण जिरल्याशिवाय पुढचं घालायचं नाही. सगळं एकदम ओतलं तर पाणी जिरत नाही, खाली साचतं आणि भरताना पारीतून गळतं. १०० मिलिलिटर जिरल्यावर सारण चमकदार आणि सैलसर दिसेल. ते पाहून अनेक जण घाबरतात आणि त्यात मैदा किंवा कॉर्नफ्लोअर टाकतात. काहीही टाकू नका. फ्रिजमध्ये ते घट्ट होणारच आहे.

तिसऱ्यांदा आलं, लसूण, जिरेपूड, धनेपूड, हळद आणि टिमूर. गरम मसाला टाळा, निदान पहिल्या वेळी. लवंग-दालचिनी पुढे आली की मोमो खिमा-समोशासारखा लागायला लागतो.

शेवटी घट्ट तूप किंवा लोणी बारीक खडे करून हलक्या हातानं मिसळा. वितळवून घालू नका. लोणी खारट असेल तर मीठ पाव चमचा कमी करा. हे सारण झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये.

आणि कांदा? कांदा, पात, कोथिंबीर भरायच्या अगदी आधी. कांदा मिठाला लागला की पाणी सोडतो, आणि ते पाणी जिरलेलं नसून मोकळं असतं. कांदा किसायचाही नाही, मिक्सरमध्येही काढायचा नाही. धारदार सुरीनं बारीक चिरायचा.

सावध: कच्च्या चिकनची चव बोटानं चाखू नका. चमचाभर सारण तव्यावर दोन्ही बाजूंनी नीट शिजवून मग चाखा आणि मीठ ठरवा. पारी जवळजवळ अळणी असते, म्हणून सारण नुसतं खाताना किंचित खारट वाटलं तर बरोबर आहे. कच्च्या मांसाची पाटी, सुरी आणि हात साबणानं धुतल्याशिवाय कोथिंबिरीला हात लावू नका.

शाकाहारी मोमोंचा हिशेब वेगळा आहे, उलटाच म्हणा ना. मांसात पाणी मुरवायचं, कोबीतलं काढायचं. कोबी ३५० ग्रॅम अगदी बारीक चिरून त्याला १ टीस्पून मीठ चोळा, २० मिनिटांनी मुठीत घेऊन घट्ट पिळा. त्यात १५० ग्रॅम किसलेलं पनीर, एक बारीक कांदा, हवं तर थोडं गाजर, तेच आलं-लसूण-जिरं-धने-टिमूर, आणि ४ टेबलस्पून लोणी. लोणी हात आखडून घालू नका, कारण इथे रस त्याचाच येणार आहे. कोबी परतूनही घेऊ नका. कच्चा पिळलेला कोबी वाफेत शिजतो आणि थोडी कुरकुर राखतो, परतलेला कोबी मात्र लगदा होतो आणि त्याचा वासही पुढे येतो. मीठ चोळलेलं आहे हे लक्षात ठेवून वरचं मीठ चाखूनच घाला. हे सारण फार वेळ ठेवायचं नाही, कालवलं की भरायला बसायचं.

टप्पा ४: अचार (सारण फ्रिजमध्ये असतानाच)

बरेच जण अचार शेवटी करतात. तोवर मोमो निवतात आणि निवलेल्या मोमोत रस थिजतो. अचाराला मुरायलाही वेळ लागतो, तीळ दळल्यावर तो हळूहळू घट्ट होतो. म्हणून आत्ताच करा.

मोमोबरोबर मेयोनेज आणि लालभडक शेजवान चटणी हे आपल्याकडच्या गाड्यांवरचं चित्र आहे. काठमांडूचा अचार टोमॅटो, तीळ आणि टिमूरचा असतो. एकदा हा करून पाहा. दोन्हींत तुलना करायची इच्छाच राहणार नाही.

४ टेबलस्पून पांढरे तीळ मंद आचेवर भाजा. तडतडायला लागले आणि रंग जेमतेम बदलला की लगेच ताटात काढा. तापलेल्या कढईत राहिले तर ते करपतच राहतात आणि कडू होतात. त्याच कढईत १ टीस्पून जिरं आणि पाच-सहा सुक्या लाल मिरच्या भाजा. मग ४०० ग्रॅम टोमॅटो, सहा लसूण पाकळ्या आणि आल्याचं पेर, हे टोमॅटोची सालं काळपट होऊन सुटेपर्यंत भाजा. थोडे करपट डाग हवेत.

तीळ, जिरं, मिरच्या आणि अर्धा टीस्पून टिमूर आधी कोरडेच दळा. टोमॅटोबरोबर एकदम टाकले तर तीळ अख्खे राहतात. मग थंड झालेले टोमॅटो, लसूण, आलं आणि मीठ घालून वाटा.

सावध: गरम टोमॅटो बंद मिक्सरमध्ये फिरवू नका. वाफेनं झाकण उडतं.

फोडणीला दीड टेबलस्पून मोहरीचं तेल धूर निघेपर्यंत तापवा, गॅस मंद करा, पाव टीस्पून मेथीदाणे टाका आणि ते गडद तपकिरी होऊ द्या. आपल्या फोडणीत मेथी इतकी गडद करत नाहीत, इथे तसंच करायचं. मग चिमूटभर हळद, आणि हे तेल अचारावर ओता. वरून लिंबू आणि कोथिंबीर. मोहरीच्या तेलाची सवय नसेल तर निम्मं शेंगदाण्याचं घ्या, पण पूर्ण वगळू नका.

झोल मोमो (पातळ रश्शातले) करायचे असतील तर दळतानाच २ टेबलस्पून भाजलेले सोयाबीन घाला (नेपाळीत भटमास), नाहीतर भाजलेले शेंगदाणे, आणि वाटलेला अचार दीड-दोन कप कोमट हाडांच्या पाण्यानं पातळ करा. हा झोल पळीतून सहज ओतता यायला हवा.

टप्पा ५: पारी

पिठाच्या १२ ग्रॅमच्या लाट्या करा. पहिल्या दोन-तीन तोलून घ्या, मग हाताला अंदाज येतो. सगळ्या लाट्या ओल्या फडक्याखाली.

लाटणं हलकं आणि बारीक हवं. लाटी चपटी करा, डाव्या हातानं ती थोडी थोडी फिरवा आणि उजव्या हातानं लाटणं कडेकडून मध्यापर्यंत आणा, मध्य ओलांडू नका. अशी एक फेरी मारली की कडा पातळ आणि मध्य थोडा जाड राहतो. मध्याला सारणाचं वजन पेलायचं असतं. कडा मात्र कळ्या पडल्यावर दुप्पट-तिप्पट जाड होणार असतात. सगळीकडे सारखी लाटलेली पारी म्हणजे तळाशी भोक आणि वर कच्च्या मैद्याची गाठ.

व्यास साधारण साडेआठ ते नऊ सेंटिमीटर. पिठी अगदी कमी लावा, आणि कडेला लागलेली असेल तर झटका. पिठी लागलेल्या कडा चिकटत नाहीत.

एका वेळी आठ-दहा पाऱ्याच लाटा आणि लगेच भरा. पंखा बंद. ४० पाऱ्या एकदम लाटून ठेवल्या तर शेवटच्या वीस कडेनं वाळतात आणि मिटताना उघडतात. पारी वाळली असेल तर कडेला ओलं बोट फिरवा, पण ताज्या पारीला पाणी लावायची गरज नसते.

टप्पा ६: भरणं आणि मिटणं

आता कांदा, पात आणि कोथिंबीर सारणात मिसळा. सारण थोडं थोडं बाहेर काढा, बाकीचं फ्रिजमध्येच राहू द्या. गार सारण घट्ट असतं, म्हणून भरायला सोपं.

पारी डाव्या तळहातावर ठेवा आणि तळवा किंचित खोलगट करा. मध्ये मोठा चमचाभर, १८ ग्रॅमच्या आसपास सारण. कडेचा बोटभर पट्टा कोरडा आणि स्वच्छ राहिला पाहिजे. त्याला तूप लागलं की काहीही केलं तरी ती जागा बंद होत नाही, आणि वाफेत रस नेमका तिथूनच जातो.

ज्यांना उकडीच्या मोदकाला कळ्या पाडता येतात त्यांना हे लवकर जमेल, पण हालचाल वेगळी आहे. मोदकात कळ्या आधी सगळीकडे पाडून मग एकत्र आणतो. मोमोत उजव्या हाताचा अंगठा एका जागी आत स्थिर ठेवायचा, आणि तर्जनीनं पुढची कड ओढून त्या अंगठ्याजवळ आणून दाबायची. एक कळी, दाब, दुसरी कळी, दाब. डाव्या हाताचा अंगठा सारणाला आत ढकलत राहतो आणि डावा तळवा मोमोला हळूहळू फिरवतो. फेरी पूर्ण झाली की मध्ये लहानसं तोंड उरतं, ते चिमटीत धरून किंचित पिळा आणि बंद करा.

कळ्या किती पडल्या याला महत्त्व नाही. दहा पडल्या तरी चालतील, मिटणं पक्कं हवं. गोल जमत नसेल तर पारी मधोमध दुमडून अर्धचंद्र करा आणि एका बाजूनं कळ्या पाडत कड मिटवा. नेपाळमध्ये हाही आकार सर्रास असतो. वाकड्या दिसणाऱ्या पण नीट मिटलेल्या मोमोत देखण्या पण उघड्या मोमोपेक्षा कितीतरी जास्त रस राहतो.

तपासा: मिटलेला मोमो उलटा करून तळ बघा. सारण आरपार दिसत असेल तर पारी मध्ये जास्त पातळ झालीय. पुढच्या लाटीला मध्य जाड ठेवा.

सावध: भरलेले मोमो ताटात तसेच ठेवून गप्पा मारू नका. ओलं सारण पंधरा-वीस मिनिटांत पारी भिजवतं, ती ताटाला चिकटते आणि उचलताना तळ फाटतो. ताटाला तेल लावा, मोमो एकमेकांपासून सुटे ठेवा, आणि एक घाणा भरला की वाफेवर चढवा. घरात दोन माणसं असली तर एकानं लाटावं, एकानं भरावं.

टप्पा ७: वाफवणं

तळाला दोन इंच पाणी घालून ते खळखळ उकळू द्या. पाणी चाळणीला टेकता कामा नये. चाळणीला तेल नीट फासा किंवा कोबीची पानं अंथरा. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर झाकणावरचं पाणी मोमोंवर टपकतं आणि पारी चिकट, पांढुरकी होते.

सगळा घाणा चढवण्याआधी दोनच मोमो वाफवून बघा. ही दहा मिनिटं जरूर खर्च करा, कारण उरलेले चाळीस त्यावर ठरतात. फोडून पाहा. रस नाही आणि सारण सैल: मांस पुरेसं फेटलं गेलं नाही, उरलेलं सारण एका दिशेनं आणखी दोन मिनिटं फेटा. रस नाही, सारण घट्ट: दोन चमचे गार पाणी आणि चमचाभर तूप वाढवा. रस चाळणीतून खाली गेलेला: मिटण्यात फट आहे किंवा तळ पातळ आहे. वरच्या गाठीत कच्चा मैदा: कडा जाड राहिल्या, पातळ लाटा. मीठ कमी: हीच शेवटची संधी.

आता पूर्ण घाणा. दोन मोमोंमध्ये बोटभर अंतर, ते फुगतात आणि चिकटले की सोडवताना फाटतात. आच मोठी. चिकनला १० ते १२ मिनिटं, मटणाला १५, शाकाहारीला ८ ते १०. वेळ मोजायची ती पाणी उकळल्यावर चढवल्यापासून. थंड पाण्यावर मोमो ठेवून गॅस लावला तर पाणी तापेपर्यंत पारी ओलसर होऊन बसते. पहिली आठ मिनिटं झाकण उघडू नका. थरांचं भांडं असेल तर त्यानंतर वरची आणि खालची ताटली बदला, खालचे मोमो लवकर शिजतात.

तपासा: पारी चमकदार आणि किंचित पारदर्शक दिसते, ओल्या बोटाला चिकटत नाही, कोरड्या मैद्याचे पांढरे डाग उरत नाहीत. घाण्यातला सर्वांत मोठा मोमो फोडा. मांस आतपर्यंत एकसारखं शिजलेलं आणि रस नितळ हवा, गुलाबी नको. स्वयंपाकाचं थर्मामीटर असेल तर चिकनचा मध्य ७४ अंश सेल्सिअस.

आणखी पाच मिनिटं "असू दे" म्हणून ठेवू नका. जास्त वाफेनं मांस आकसतं, पारी ताणली जाते आणि फुटते. गॅस बंद केल्यावर झाकण काढून एक-दोन मिनिटं थांबा, पारीचा ओलेपणा कमी होतो आणि मोमो सुटून येतात. चिमट्यानं गाठीला धरून उचलू नका. चपटा चमचा तळाखाली सरकवा.

टप्पा ८: वाढणं

लगेच. घट्ट अचार वाटीत शेजारी, किंवा खोलगट ताटलीत मोमो ठेवून वरून कोमट झोल. झोल उकळता नको, पारी लिबलिबीत होते. मुलांना सांगा की मोमो अर्धा चावून ओढायचा नाही, रस अंगावर येतो आणि तो फार गरम असतो. छोटा असेल तर फुंकर मारून अख्खा, मोठा असेल तर कडेला लहान भोक पाडून आधी रस.

उरलेले मोमो

शिजवायचे नसलेले मोमो कच्चेच गोठवा. मैदा भुरभुरलेल्या ताटात सुटे ठेवून फ्रीझरमध्ये दगडासारखे होऊ द्या, मग पिशवीत भरा. आधी पिशवीत भरले तर एकच गठ्ठा होतो. चिकनचे महिनाभर चांगले राहतात. कोबीचे गोठवू नका, सुटल्यावर पाणी-पाणी होतात. वाफवताना फ्रीझरमधून थेट उकळत्या पाण्यावरच्या चाळणीत, आणि तीन-चार मिनिटं जास्त. बाहेर काढून नरम होऊ दिले की पारी भिजून फाटते.

वाफवून उरलेले असतील तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफवू नका. तव्यावर चमचाभर तेल घालून एका बाजूनं खरपूस करा, पाव कप पाणी शिंपडून लगेच झाकण ठेवा, तीन-चार मिनिटांनी झाकण काढून पाणी पूर्ण उडू द्या. काठमांडूत कोथे मोमो असेच करतात, फक्त कच्च्या, अर्धचंद्राकार मोमोंपासून. तेव्हा झाकण ठेवायची वेळ सात-आठ मिनिटं धरा, आणि तळ पुन्हा करकरीत होईपर्यंत ते तव्यावरून उचलू नका.